'न्याहाळणे' वापरताना या चुका टाळा

आयुष्य वह्या तपासण्यात गेलं. निवृत्तीनंतर वाटलं सुटलो, तर आता गावातली पोरं भाषण, बातमी, लग्नपत्रिकेचा मजकूर, मोबाइलवरचं स्टेटस असं काहीबाही घेऊन दारात उभी. 'गुरुजी, एकदा पाहून द्या न.' पाहायला माझी ना नाही. पण दर चार कागदांत एकदा 'न्याहाळले' येतं आणि ते बहुतेक वेळा चुकीच्या जागी बसलेलं असतं.

याचं मूळ घाईत आहे. मोबाइलवर अर्थ शोधला की 'टक लावून पाहणे, निरखणे' असं सापडतं. मग तिन्ही शब्द एकच समजायचे आणि त्यातला जो भारी वाटेल तो चिकटवायचा. अशाला मी कागद न वाचताच परत देतो.

फरक समजून घ्यायचा तर पोळ्याचा बैल डोळ्यांपुढे आणा. आदल्या दिवशी त्याचे खांदे शेकले, 'आज आवतण घ्या, उद्या जेवाले या' म्हटलं. दुसऱ्या दिवशी शिंगांना बेगड, पाठीवर झूल. तोरणाखाली उभा केला की मालक दोन पावलं मागे सरतो आणि कासरा हातात तसाच धरून त्याला शिंगापासून खुरापर्यंत डोळ्यांत भरून घेतो. हे न्याहाळणं. तोच बैल पुढे बाजारात नेला, तर व्यापारी आधी जबडा उघडतो. आदत आहे, चारदाती आहे, की आठही दात येऊन जुळला? मग खांद्यावरचा घट्टा, खूर, चाल. हे निरखणं. बैल तोच, पण मालकाला त्याच्यात काही शोधायचं नव्हतं आणि व्यापाऱ्याला खोट शोधायची होती.

शब्दांची घराणीही वेगळी आहेत. 'निरखणे' आणि 'निरीक्षण' एकाच संस्कृत मुळातून आले, आणि 'पारखणे' तसंच 'परीक्षा'शी जोडलेलं. 'न्याहाळणे' 'निभालन'वरून आलं, हिंदीतल्या 'निहारना'चं हे सख्खं भावंड.

या शब्दानं माझीच एकदा फजिती केली. 2017 च्या हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळीनं कपाशी खाल्ली. त्या अळीचा त्रास असा की वरून पऱ्हाटी हिरवीगार दिसते. फूल अर्धवट मिटून डोमकळी झालं, तर तेवढं निरखणाऱ्याला कळतं. नाहीतर हिरवं बोंड फोडल्याशिवाय आतली अळी दिसत नाही. आमच्या शिवारात पाहणीसाठी पथक आलं. गावातला एक पोरगा तालुक्याच्या पेपराला बातम्या पाठवायचा. त्यानं लिहिलं, 'पथकाने बाधित कपाशी बराच वेळ न्याहाळली.' माझ्याकडे आणून दाखवलं. मी चष्मा न लावता 'जाऊ दे' म्हणालो.

बातमी छापून आली. संध्याकाळी पारावर एका शेतकऱ्यानं पेपर पुढे धरला. पाच एकरातली त्याची पऱ्हाटी कवडी झाली होती.

'गुरुजी, पऱ्हाटी का नवरी होय, साहेबायनं न्याहाळाले?'

पार हसला, तो मात्र हसला नाही. मला पेपराची घडी घालायलाही सुचेना.

पोरगा दुसऱ्या दिवशी आला. म्हणे, 'मंग निरखली लिहाले पाह्यजे होतं काय?' मी विचारलं, बोंडं फोडून पाहिली त्यांनी? 'नाही, धुऱ्यावरूनच पाह्यलं.' म्हणजे बांधावरूनच. मग निरखलीही नाही. 'पाहणी केली' एवढंच लिही. पाहणी पाच मिनिटांची होती की पाच तासांची, हे तो शब्द सांगत नाही. सरकारी कागदात तो का एवढा चालतो, ते तेव्हा मला उमगलं.

दुसरी खोड व्याकरणाची. 'ती त्याच्याकडे न्याहाळत होती.' नाही! न्याहाळण्याला 'कडे' लागत नाही. ती त्याला न्याहाळत होती. साडी न्याहाळली, आरशात चेहरा न्याहाळला. 'कडे' ही 'पाहणे'ची सवय, 'त्याच्याकडे टक लावून पाहिलं' हे बरोबर. शब्द बदलायचा आणि त्याच्यामागचा प्रत्यय तसाच ठेवायचा, हे म्हणजे बैल बदलून जुनं वेसण त्यालाच घालणं.

'पटकन न्याहाळले' लिहू नका. न्याहाळायला सवड लागते.

'डोळ्यांनी न्याहाळले.' मग काय कानांनी न्याहाळणार?

'रोखून पाहणे' प्रेमाच्या स्टेटसला चालत नाही. रोखलेल्या नजरेत धाक असतो, आव्हान असतं. मागे एकानं साखरपुड्याच्या फोटोखाली 'मी तुला रोखून पाहतच राहिलो' लिहिलं होतं. पोरीच्या मामानं फोन करून विचारलं म्हणतात, भांडण झालं का?

'टक' मात्र जपून. लेकरू दिव्याकडे टक लावतं ते गोड. बसस्टँडवर कोणी बाईमाणसाकडे टक लावली तर 'काय पाहून राह्यला बे?' हाच प्रश्न येतो, आणि तो यायलाच पाहिजे. 'टकमक' तिसरंच आहे. त्यात काही न समजून इकडेतिकडे पाहणं असतं, गणिताच्या तासाला पाहतात तसं. 'आभाळाकडे डोळे लावणे' म्हणजे वाट पाहणं, आणि 'डोळ्यांत तेल घालून' जागायचं ते रोही-डुकरांपासून पीक राखायला. ही दोन्ही न्याहाळण्याच्या जागी ठोकू नका.

माझी पद्धत पुस्तकी नाही. शब्दापुढे 'मन भरेपर्यंत' लावून पाहतो. वाक्य टिकलं तर 'न्याहाळणे' ठेवतो. नाही टिकलं तर 'मग काय सापडलं?' असं स्वतःला विचारतो, आणि उत्तर असेल तर 'निरखणे' लिहितो. दोन्ही जमत नसेल तर मुकाट्यानं 'पाहिलं'. तेही पटत नसेल तर आमच्या घरी मोठ्यानं वाचतो. बायको तांदूळ निवडत असते, सुपातला खडा जसा निरखून काढते तसा चुकीचा शब्द काढते. तिनं मान वर केली की समजायचं, खडा लागला.

वऱ्हाडी पोरांचा एक गैरसमज मला फार सलतो. त्यांना वाटतं, 'पाह्यलं' गावठी, म्हणून कागदावर काहीतरी जड पाहिजे. अरे, पाह्यलंचं पाहिलं केलं की झालं. आमच्या बोलण्यात 'नीट निरखून पाह्य न' असतंच की, ते कुठं उणं पडतं?

आणि पाठवायच्या आधी मोबाइलनं स्वतःहून काय लिहिलं तेही वाचा. परवाच एका सत्काराचा मजकूर आला, माझ्याच. 'गुरुजींनी विद्यार्थ्यांची चित्रे न्याहारी केली.'