मीटर काढले म्हणजे केबल बंद झाली असे नव्हे : जुनी इमारत पाडताना या चुका टाळा

पुनर्विकासासाठी इमारत रिकामी झाली की वीज कंपनीचे कर्मचारी मीटर काढून नेतात, आणि त्या दिवसापासून कामाच्या जागी ‘लाइन बंद आहे’ असे सगळेच गृहीत धरतात. माझ्या मते सर्वांत घातक चूक हीच आहे. मीटर निघाल्याने इमारतीच्या आतले वायरिंग बंद होते. रस्त्यावरच्या फीडर पिलरपासून (जेथून इमारतींना वीज वाटली जाते त्या पेटीपासून) मीटरच्या खोलीपर्यंत आलेली सर्व्हिस केबल मात्र, पिलरमध्ये ती सोडवली जाईपर्यंत, जमिनीखाली जिवंतच राहते. म्हणून मीटर काढल्याच्या कागदावर विसंबू नये, तर केबल कोणत्या पिलरमधून सोडवली हे कंपनीकडून लेखी घ्यावे. तीच केबल पुढे शेजारच्या इमारतीला किंवा पंपाच्या खोलीला गेली असेल, तर दुसऱ्या टोकाकडूनही वीज येऊ शकते; त्यामुळे दोन्ही टोकांची खात्री हवी.

दुसरी चूक तपासणीत होते. खिशातला, तारेला न टेकवता वापरायचा टेस्टर आर्मर्ड केबलवर धरून तो पेटला नाही म्हणून काम सुरू करणे धोक्याचे आहे, कारण बाहेरचे पोलादी कवच अर्थ केलेले, म्हणजे जमिनीशी जोडलेले, असते आणि आतल्या विजेचा पत्ता टेस्टरला लागतच नाही. केबल शोधणारे यंत्रही केवळ वाहत्या प्रवाहावरून शोध घेत असेल, तर भार नसलेली जिवंत केबल त्याला दिसत नाही. अशा वेळी केबलमध्ये स्वतंत्र सिग्नल सोडूनच मार्ग शोधावा. रस्त्यावरच्या दिव्यांची केबल तर दिवसा तपासली असता बंद आढळते आणि संध्याकाळी आपोआप चालू होते.

खोलीबाबतही गफलत होते. आयएस १२५५ या भारतीय मानकानुसार कमी दाबाची केबल ०.७५ मीटर, ११ केव्ही (किलोव्होल्ट) पर्यंतची ०.९ मीटर आणि २२ ते ३३ केव्हीची १.०५ मीटर खोल असावी; परंतु जुन्या आवारात भराव पडलेला किंवा माती उपसलेली असते, म्हणून जेसीबी लावण्यापूर्वी हाताने चाचणी खड्डे घ्यावेत. केबलच्या रक्षणासाठी वर ठेवलेल्या विटा किंवा फरशा सापडल्या तर तो इशारा समजावा, पण त्या न सापडणे म्हणजे खाली केबल नाही असे नव्हे.

तांब्याच्या किंवा शिशाच्या भंगारासाठी मजुरांना हॅकसॉने केबल कापू देऊ नये. पुरवठा तोडल्यानंतरही लांब उच्चदाब केबलमध्ये विद्युतभार साठून राहतो. तो अर्थ करून उतरवणे, आणि कापण्यापूर्वी दुरून चालणाऱ्या साधनाने केबलला छेद देऊन ती बंद असल्याची खात्री करणे, हे कंपनीच्या अधिकृत माणसांचेच काम आहे.

जेसीबीचा दात केबलला लागलाच, तर चालकाने केबिनमध्येच बसून राहावे आणि इतरांनी दूर व्हावे. ठिणगी विझली म्हणून जवळ जाऊ नये, कारण पुरवठा पुन्हा चालू केला जाऊ शकतो. आग लागल्यामुळे उतरावेच लागले, तर यंत्र आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श न करता, दोन्ही पाय जुळवून उडी मारावी आणि पाय न उचलता, जमिनीवरच सरकवत दूर जावे.

जमिनीत सोडून दिलेल्या केबलच्या टोकांना टोपी बसवून त्यांची जागा नकाशावर नोंदवावी. काही महिन्यांनी तेथे पायलिंग (पायासाठी जमिनीत खोल खांब घालण्याचे काम) करायला येणाऱ्या माणसांना ती केबल कशाची आहे हे सांगणारे दुसरे काहीच उरलेले नसते.