मेंदू-मणक्याच्या रेडिएशननंतर फुफ्फुसांकडे कसं लक्ष द्यावं

पाठीतून मणक्यावर सोडलेले फोटॉन किरण (नेहमीच्या रेडिएशनमधले जोरदार एक्स-रे) छातीतून पुढे जातात, त्यामुळे फुफ्फुसांनाही थोडा डोस बसतो. प्रोटॉन किरण (सूक्ष्म कणांचा झोत) मात्र मणक्याच्या पुढे जवळजवळ थांबतात.

उपचारानंतर 1 ते 6 महिन्यांत कोरडा खोकला, बारीक ताप, जिना चढताना धाप लागली तर 'साधी सर्दी' म्हणून अँटिबायोटिक घेत बसू नका. रेडिएशन झाल्याचं डॉक्टरांना आधी सांगा. फुफ्फुसांना सूज निघाली तर स्टेरॉइड देतात. बरं वाटलं म्हणून ते एकदम बंद केलं तर त्रास उलटतो.

लोमुस्टीन किंवा कारमुस्टीन ही केमोची औषधं घेतली असतील तर फुफ्फुसांना धोका जास्त. तेव्हा स्पायरोमेट्रीसोबत (फुंकून श्वासाची क्षमता मोजणं) डीएलसीओ चाचणीही (फुफ्फुसातून रक्तात वायू किती जातो ते मोजणारी) मागा, नुसत्या एक्स-रेवर विसंबू नका. लहानपणी उपचार झाले असतील तर पाठीचा बाकही तपासून घ्या. छातीचा पिंजरा कमी वाढला की श्वास अपुरा पडतो.

सिगारेट अर्थातच बंद.