इंफाळचे हरिकेन: १:७२ प्रतिकृतीची बांधणी आणि बदल

प्लॅस्टिकच्या सुट्या भागांच्या संचातून (किटमधून), खोक्यातून जसे निघेल तसे विमान जोडणे आणि एखाद्या विशिष्ट आघाडीवरचे, विशिष्ट वर्षातले विमान उभे करणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्या कामात किटमध्ये काही भाग वाढवावे लागतात, काही कापून टाकावे लागतात, आणि त्यातला प्रत्येक बदल मूळ विमानात कशासाठी झाला होता हे आधी माहीत असावे लागते. या लेखासाठी दुसऱ्या महायुद्धातले हॉकर हरिकेन मार्क २-सी हे ब्रिटिश लढाऊ विमान निवडले आहे. काळ आहे १९४४ च्या उन्हाळ्याचा आणि पावसाळ्याचा, आणि स्थळ मणिपूरमधले इंफाळचे खोरे.

ही निवड करण्याचे कारण असे की जपानी सैन्याने इंफाळला वेढा घातला तेव्हा भारतीय हवाई दलाचे पहिले स्क्वाड्रन, स्क्वाड्रन लीडर अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली, तेथून हरिकेन विमाने उडवत होते. शत्रूच्या हालचाली टिपणे हे त्यांचे मुख्य काम होते. १९४४ च्या मार्च महिन्यात जवळच्या सांगशाकच्या टेकडीवर मराठा पलटणीची चौथी बटालियन लढत होती. त्यामुळे मराठी वाचकाला हा प्रदेश अगदीच परका वाटू नये.

मूळ हरिकेनच्या पंखांचा विस्तार १२.१९ मीटर होता, म्हणजे १:७२ या प्रमाणात तो साधारण १६९ मिलिमीटर भरतो. हे प्रमाण डोक्यात पक्के ठेवावे, कारण पुढचे बहुतेक निर्णय त्यावरच होतात. प्रतिकृतीवरचा अर्धा मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले ३६ मिलिमीटर. पंखाची मागची कड किटमध्ये अर्धा मिलिमीटर जाड असेल, तर खऱ्या विमानावर ती जवळपास दीड इंचाची फळी झाली असती. म्हणून पंखाचे दोन्ही अर्ध जोडण्यापूर्वी त्यांच्या आतल्या बाजू वॉटर पेपरवर घासून कड पातळ करून घ्यावी. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु तयार प्रतिकृतीत सर्वांत आधी हीच गोष्ट नजरेला खटकते.

किट निवडताना आर्मा हॉबी किंवा हासेगावा यांचे मार्क २-सी घेतले तर आकाराची फारशी चिंता करावी लागत नाही. जुने किट हाताशी असेल तर तेही चालते, मात्र त्यात धडाच्या मागच्या भागावरचे कापड कसे दाखवले आहे ते आधी पाहावे. हरिकेनच्या कॉकपिटमागचे धड पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर लाकडी पट्ट्या आणि त्यावर ताणलेले कापड असे बनलेले होते. शेपटीचे आडवे व उभे पंख आणि हलणारे भागही कापडाने मढवलेले होते. २-सीच्या मुख्य पंखांवर आणि इंजिनाभोवती मात्र धातूचा पत्रा होता. जुन्या किटमध्ये कापडाच्या पट्ट्या कौलारू छपरासारख्या उठून दिसतात. त्या हलक्या हाताने घासून इतक्या मवाळ कराव्यात की तिरक्या प्रकाशातच जाणवतील.

बांधणीची सुरुवात नेहमीप्रमाणे कॉकपिटपासून होते. हरिकेनच्या कॉकपिटला सलग तळ नव्हता. वैमानिकाच्या पायांखाली दोन अरुंद पन्हाळी होत्या आणि त्यांच्या आजूबाजूला मोकळी जागा होती. किटमध्ये सपाट तळ दिला असेल तर तो कापून टाकावा आणि स्प्रूचे (किटचे भाग ज्याला जोडलेले येतात त्या प्लॅस्टिकच्या चौकटीचे) तुकडे मेणबत्तीच्या ज्योतीवर मऊ करून, ताणून काढलेल्या काड्यांनी सांगाडा बनवावा. नळ्या रुपेरी आणि वरच्या बाजूचे पत्रे राखी-हिरवे रंगवावेत. आसनाचे पट्टे मास्किंग टेपच्या अर्ध्या मिलिमीटरहून थोड्या रुंद पट्ट्यांचे करावेत. एक मिलिमीटरचा पट्टा या प्रमाणात ७२ मिलिमीटर रुंद होतो आणि वैमानिकाऐवजी बैल जुंपायचा आहे असे वाटते.

धडाचे दोन्ही अर्ध जोडल्यावर पंख बसवताना एक गोष्ट विशेष सांभाळावी लागते. हरिकेनच्या पंखाचा मधला भाग सपाट होता आणि बाहेरचे भाग साडेतीन अंशांनी वर उचललेले होते. पुठ्ठ्याचा साचा कापून पंखाखाली ठेवावा, दोन्ही टोके टेबलापासून समान उंचीवर आहेत हे पट्टीने मोजावे आणि सिमेंट (प्लॅस्टिक जोडायचा द्रव) पूर्ण वाळेपर्यंत साचा काढू नये.

यानंतर मुख्य बदल येतात. पहिला बदल हवेच्या गाळणीचा. धुळीच्या धावपट्टीवरून उडताना इंजिन धूळ ओढून झिजत असे, म्हणून उष्ण प्रदेशात जाणाऱ्या हरिकेनच्या नाकाखाली व्होक्स गाळणी बसवली जाई, आणि त्यामुळे विमानाला हनुवटी फुगल्यासारखा चेहरा येई. अनेक किटमध्ये हा भाग जादा म्हणून दिलेला असतो. तो वापरताना पोटाखालचा मूळ छोटा वायुमार्ग कापून जागा सपाट करावी. भाग नसेल तर प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्याचे तुकडे थर देऊन चिकटवावेत, दोन दिवस वाळू द्यावेत आणि खऱ्या विमानाच्या बाजूने घेतलेल्या छायाचित्राशी ताडत कटरने व वॉटर पेपरने आकार द्यावा. समोरून पाहताना गाळणी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते की नाही हे आरशात पाहावे. आरशात चूक लगेच पकडली जाते, एरवी डोळा तिला सरावतो.

दुसरा बदल तोफांचा. २-सीच्या पंखांत २० मिलिमीटरच्या चार हिस्पानो तोफा असत. टेहळणीसाठी वापरल्या जाणाऱ्या विमानांतल्या दोन तोफा वजन कमी करण्यासाठी अनेकदा काढून टाकत. आपण ज्या विमानाची प्रतिकृती करतो त्याचे छायाचित्र पाहूनच कोणती जोडी ठेवायची ते ठरवावे. काढायच्या तोफेचा पुढे आलेला भाग पंखाच्या कडेपाशी करवतीने कापावा, तेथे बारीक छिद्र पाडून त्यात स्प्रूची काडी भरपूर सिमेंट लावून घुसवावी आणि रात्रभर वाळल्यावर पंखाच्या पुढच्या कडेचा गोलवा साधत घासावी. पुट्टीपेक्षा ही पद्धत चांगली, कारण दोन्हीकडे एकच प्लॅस्टिक असल्याने घासताना खड्डा पडत नाही. तोफांच्या जागी पंखावर असलेले फुगवटे छायाचित्रात नसल्याचे दिसल्याखेरीज काढू नयेत. उरलेल्या तोफांसाठी पितळी नळी वापरावी.

तिसरा बदल लहान असला तरी विमान जिवंत वाटायला तोच सर्वाधिक उपयोगी पडतो. उभ्या विमानाची नियंत्रण-दांडी पुढे कलंडली की शेपटीचे आडवे पल्ले खाली झुकतात. हे पल्ले सांध्याच्या रेषेवर कटरने हळूहळू कोरून सोडवावेत आणि किंचित खाली झुकवून पुन्हा चिकटवावेत. दोन्ही पल्ले एकाच कोनात झुकतात; मुख्य पंखांवरची झापडे मात्र एक वर तर दुसरे खाली असते. दोन्ही झापडे खाली झुकवलेली प्रतिकृती मी स्वतः एकदा करून बसलो होतो आणि ती कपाटात मागे ठेवावी लागली.

रंगकामात वरून डार्क अर्थ आणि डार्क ग्रीन यांचे वळणदार पट्टे, खाली मीडियम सी ग्रे. प्रायमर आणि रंग दोन्ही पातळ थरांत द्यावेत. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई-कोकणात लॅकर फवारणे शक्यतो टाळावे. दमट हवेत त्यावर दुधाळ झाक चढते. माझी एक पूर्ण झालेली प्रतिकृती अशीच पांढुरकी झाली होती. नाइलाज असेल तर अॅक्रिलिक रंग वापरावेत आणि दोन थरांमध्ये नेहमीपेक्षा जास्त वेळ जाऊ द्यावा.

खुणांच्या बाबतीत चूक होण्याची शक्यता सर्वाधिक. किटमधली लाल ठिपक्याची ब्रिटिश वर्तुळे येथे चालत नाहीत. जपानी विमानांवरच्या लाल गोळ्याशी घोटाळा होऊ नये म्हणून या आघाडीवरच्या विमानांवरून लाल रंग काढून गडद निळा आणि फिकट निळा एवढेच ठेवले होते. ही वर्तुळे आकारानेही लहान असत. १६ इंचांचे वर्तुळ आपल्या प्रमाणात साडेपाच मिलिमीटरहून थोडे मोठे भरते. पंखांवर व शेपटीवर रुंद पांढरे पट्टे असलेली चित्रे अनेकदा दिसतात, परंतु ते पट्टे १९४५ च्या सुरुवातीपासूनचे आहेत. इंफाळच्या वेढ्यातल्या विमानावर ते रंगवू नयेत. दिल्लीत पालम येथील हवाई दल संग्रहालयात हरिकेन पाहायला मिळते आणि आकार समजून घेण्यासाठी ते जरूर पाहावे, मात्र संग्रहालयातल्या विमानाचे रंग हा युद्धकाळचा पुरावा मानू नये. डिकॅल (पाण्यात भिजवून चिकटवायची खुणांची चित्रे) लावण्यापूर्वी चकचकीत वार्निशचा थर द्यावा, म्हणजे खाली हवा अडकून चंदेरी डाग पडत नाहीत.

जुनेपणा दाखवताना कापड आणि पत्रा यांतला फरक पुन्हा आठवावा. पंखाच्या मुळाशी, जेथे यंत्रकामगार पाय ठेवत, तेथे रंग उडून पत्रा चमकणे योग्य आहे. धडाच्या मागच्या भागावर रुपेरी ओरखडे काढणे मात्र साफ चूक, कारण तेथे खाली धातूच नाही. काळ्या वॉशने (खूप पातळ केलेल्या रंगाने) प्रत्येक रेघ गडद करण्याची सध्याची हौसही मला पटत नाही. कापडी भागावर पातळ तपकिरी वॉश पुरेसा होतो. धुराड्यांमागचा डाग निव्वळ काळा न करता राखाडी-तपकिरी करावा.

इंफाळच्या खोऱ्यातल्या धावपट्ट्यांपैकी इंफाळ मेन आणि पालेल याच बारमाही होत्या, बाकीच्या पावसात बिकट होत. त्यामुळे चाकांवर आणि पोटाच्या मागच्या भागावर चिखल दाखवणे सयुक्तिक आहे. खोऱ्याच्या तळाची माती नदीगाळाची आहे, म्हणून चिखल राखट तपकिरी करावा. कोकणातला तांबडा रंग येथे वापरू नये. पंख्याची पाती काळी, टोके पिवळी, आणि पिवळा भाग दीड मिलिमीटरपेक्षा मोठा नसावा. अँटेनाची तार छायाचित्रात दिसली तरच ओढावी. चटकन मोडणारे हे सगळे भाग बसल्यानंतर मॅट वार्निशचा शेवटचा थर द्यावा, तो एक दिवस वाळू द्यावा आणि मगच कॅनपीवरची (कॉकपिटच्या पारदर्शक झाकणावरची) मास्किंग टेप चिमट्याने कोपऱ्यापासून हळूहळू सोडवावी.