एका दिवसात विजापूर कसे पाहावे

सोलापूरहून साधारण शंभर किलोमीटरवर असलेले विजापूर महाराष्ट्रातून पहाटे निघून रात्री परतण्याच्या अंतरावर आहे, पण शक्य असल्यास आदल्या रात्रीच मुक्कामाला पोहोचावे. 2014 पासून शहराचे अधिकृत नाव विजयपुरा असल्यामुळे तिकीट काढताना आणि फलक वाचताना ते ध्यानात असू द्यावे. पाहण्याचा क्रम मात्र सूर्यावर सोपवावा: सकाळी पूर्वेकडील गोल घुमट, दुपारी शहराच्या मधला भाग आणि उन्हे कललेली असताना पश्चिमेकडील तोफ व इब्राहिम रोजा, म्हणजे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची कबर. या क्रमाने गेल्यास उलटसुलट फेऱ्या वाचतात आणि प्रत्येक इमारत तिच्या सोयीच्या उजेडात पाहायला मिळते.

गोल घुमट उघडतो त्या वेळीच दारात हजर राहावे. मुहम्मद आदिलशहाच्या (कारकीर्द 1627 ते 1656) या कबरीचा बोलका सज्जा प्रसिद्ध आहे, परंतु शाळांच्या सहली आत शिरल्या की तिथे शिट्ट्या आणि आरोळ्यांखेरीज काही ऐकू येत नाही. वर चढण्याआधी खालच्या दालनात मधोमध उभे राहून छताकडे नीट पाहावे. चौकोनी भिंतींतून उठलेल्या कमानी एकमेकींना छेदत चौकोनाचा अष्टकोन करतात आणि त्यावर सुमारे 38 मीटर आतील व्यासाचा घुमट मधल्या एकाही खांबाशिवाय तोलला आहे; ही युक्ती एकदा समजली की पुढची चढण सार्थकी लागते. कोपऱ्यांतील सात मजली मनोऱ्यांमधले जिने अरुंद असून पायऱ्या उंच आहेत, तेव्हा गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी खालीच थांबलेले बरे. सज्ज्यात एकाने भिंतीकडे तोंड करून हळू बोलावे आणि दुसऱ्याने अगदी समोरच्या बाजूला भिंतीशी कान न्यावा. ओरडण्याची मुळीच गरज नसते. कुजबुजच अधिक स्पष्ट पोहोचते. आवारातील नगारखान्यात पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे, पण ते शुक्रवारी बंद असते.

उन्हाचा तडाखा वाढला की जामा मशिदीच्या सावलीत जावे. पहिल्या अली आदिलशहाने बांधायला घेतलेल्या या मशिदीत नमाज चालते, म्हणून अंगभर कपडे असावेत आणि शुक्रवारची दुपार टाळावी. जमिनीवर काळ्या रेघांनी आखलेले 2,250 चौकोन आहेत, प्रत्येक चौकोन एका नमाजीसाठी. बारा कमान, म्हणजे दुसऱ्या अली आदिलशहाची अर्धवट राहिलेली कबर, आणि 1561 मधील गगन महाल हे दोन्ही तासाभरात पाहून होतात. गगन महालाची मधली कमान अठरा मीटरांहून रुंद आहे. छप्पर कधीच गेले असले तरी दरबाराचा थाट तेवढ्यावरून कळतो.

पश्चिमेकडील तटावर मलिक-ए-मैदान ही तोफ आहे. ती 1549 मध्ये अहमदनगरला ओतली गेली, पुढे परांड्याच्या किल्ल्यात होती आणि तिथून विजापुरात आली. वजन सुमारे 55 टन. तोफेच्या तोंडाशी जबडा पसरलेला सिंह असून त्याच्या दातांत चिरडला जाणारा हत्ती कोरलेला आहे. तो पाहण्यासाठी बाजूने वाकावे लागते आणि समोरून छायाचित्र घेऊन परतणाऱ्यांच्या नजरेतून तो हमखास निसटतो. इंग्रजी अमलात, 1854 मध्ये, हिचा लिलाव होऊन दीडशे रुपयांची बोली लागली होती, पण सुदैवाने तो व्यवहार रद्द झाला. जवळच्या उपली बुरुजावर बाहेरून वळत जाणाऱ्या जिन्याने चढल्यास सगळे शहर एका नजरेत येते.

चारच्या सुमारास इब्राहिम रोजाला पोहोचावे आणि निदान दीड तास हाताशी ठेवावा. माझ्या मते विजापुरातील सर्वांत सुंदर वास्तू हीच, गोल घुमट नव्हे. तिथे आकार दिपवतो, इथे कारागिरी. एकाच जोत्यावर पूर्वेला कबर, पश्चिमेला मशीद आणि दोहोंच्या मध्ये हौद आहे. कबरीची मशिदीसमोरची बाजू उतरत्या उन्हात उजळते, त्यामुळे भिंतीवरचे कोरीव लेख उठून दिसतात. खिडक्यांच्या जाळ्यांकडे जवळ जाऊन पाहावे, कारण त्या नुसत्या नक्षीच्या नाहीत: दगड आरपार कोरून त्यातून अक्षरे घडवली आहेत आणि त्या अक्षरांच्या फटींतूनच आत उजेड येतो. मशिदीच्या छज्जाखाली अखंड दगडातून कोरलेल्या साखळ्या लोंबतात, त्याही चुकवू नयेत.

अफजलखानाशी निगडित साठ कबरी शहराबाहेर आडवाटेला आहेत. तिथे जायचे असल्यास दुसरा दिवस राखून ठेवावा आणि जाण्यायेण्यासाठी थांबणारी रिक्षा आधीच ठरवून घ्यावी, कारण परतीचे वाहन तिथे मिळेलच असे नाही.