कंपनीच्या कामासाठी जर्मनीत: पहिले काही आठवडे

जर्मनीत उतरल्यावर सगळ्यात आधी गरज पडते ती स्वतःच्या पत्त्याची. थंडीची, भाषेची, जेवणाची काळजी सगळेच करून येतात; पत्त्याची कुणी करत नाही आणि नेमकं तिथेच घोडं अडतं. बँक, टॅक्स नंबर, विमा, परदेशी नागरिकांचं कार्यालय, सगळ्यांची पत्रं त्या एका पत्त्यावर येतात आणि तीही कागदी, टपालाने. म्हणून कंपनीने सहा महिन्यांसाठी किंवा वर्षभरासाठी पाठवलं असेल, तर घरमालकाला भाड्याच्याही आधी एकच प्रश्न विचारा: इथे आनमेल्डुंग करता येईल का?

आनमेल्डुंग म्हणजे राहत्या पत्त्याची सरकारी नोंद. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करावी असा कायदा आहे. एरवी परदेशात राहणाऱ्या आणि इथे तीन महिन्यांपेक्षा जास्त न थांबणाऱ्या माणसाला त्यातून सूट आहे, त्यामुळे सहा आठवड्यांच्या कामासाठी आलेल्यांनी याच्या मागे लागू नये. बाकीच्यांनी भारतात असतानाच त्या शहराच्या ब्युर्गरआम्टच्या (नागरिकांची नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या) साइटवर जाऊन वेळ घ्यावी. मोठ्या शहरांत पुढच्या कित्येक दिवसांच्या वेळा भरलेल्या असतात. बर्लिनमध्ये शहरातलं कोणतंही ब्युर्गरआम्ट चालतं, आपल्याच भागातलं हवं असं नाही. एखाद्याने रद्द केलेली वेळ साइटवर परत दिसते, त्यामुळे सकाळी कार्यालय उघडायच्या सुमारास पुन्हा बघत राहायचं.

जाताना पासपोर्ट, भरलेला अर्ज आणि घरमालकाने सही केलेलं वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग हे पत्र न्यायचं. नाव अवघड असलं तरी कागद एका पानाचा असतो: कोण, कोणत्या पत्त्यावर, कधीपासून राहायला आलं. भाडेकरार दाखवून भागत नाही, आणि बहुतेक लोक परत पाठवले जातात ते याच कागदासाठी. महिन्याच्या बोलीवर मिळणाऱ्या काही फर्निश्ड खोल्यांचे मालक हे पत्र देतच नाहीत. पैसे भरल्यावर ते कळून काही उपयोग नसतो.

पत्त्याचा दुसरा भाग म्हणजे टपालपेटी. जर्मनीत इमारतींना घरक्रमांक असतो, पण आतल्या फ्लॅटला सहसा नंबर नसतो. पोस्टमन पेटीवरचं आडनाव वाचून पत्र टाकतो. नाव नसेल तर पत्र आल्या पावली परत जातं आणि पाठवणाऱ्याकडे तुम्ही ‘त्या पत्त्यावर सापडत नाही’ अशी नोंद होते. बँकेचं कार्ड एका पाकिटात आणि त्याचा पिन दुसऱ्या पाकिटात येतो. एक जरी परत गेलं तरी सगळं पहिल्यापासून. म्हणून किल्ली मिळाली की त्याच दिवशी पेटीवर आणि बेलवर आडनाव लावा. घरमालकाची छापील पट्टी येईपर्यंत कागदाची चिठ्ठी चिकटवली तरी चालते. आपल्याकडच्या पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात असतं, आडनाव वेगळ्या. एका अर्जावर मधलं नाव लिहिलं, दुसऱ्यावर गाळलं, की पुढे दोन वेगळ्या माणसांच्या फाइली तयार होतात. पासपोर्टवर जसं आहे तसंच, सगळीकडे, एक अक्षर न बदलता लिहा.

नोंद झाली की पहिल्यांदाच टॅक्सच्या यादीत येणाऱ्यांना अकरा आकडी टॅक्स आयडी टपालाने येतो. तो आयुष्यभर तोच राहतो, जपून ठेवा. मग आणखी एक पत्र येतं, रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं. महिन्याला 18.36 युरो, दर घरामागे एक. टीव्ही नाही म्हणून ती टळत नाही. मात्र त्याच फ्लॅटमध्ये राहणारा सहकारी आधीच भरत असेल, तर त्याचा वर्गणी क्रमांक कळवला की दुसऱ्याला भरावी लागत नाही. हे पत्र जाहिरात समजून फेकून देऊ नका; थकबाकी साचत जाते.

निघण्याआधी कंपनीकडून काय पक्कं करून घ्यायचं

शेंगेन (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपीय देश) बिझनेस व्हिसावर कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं, आणि त्यात बैठका, वाटाघाटी, प्रदर्शनं अशी कामं बसतात. तिथल्या टीममध्ये बसून रोजचं काम करायचं असेल तर ती नोकरी ठरू शकते आणि त्याला वेगळी परवानगी लागते. 90 दिवसांपेक्षा जास्त काळ, भारतातलाच करार चालू ठेवून, कंपनीच्याच जर्मन शाखेत जायचं असेल तर आयसीटी कार्ड हा निवास परवाना नेहमीचा मार्ग आहे. त्यासाठी त्या कंपनीत निदान सहा महिने सलग नोकरी झालेली असावी लागते. ‘आधी जाऊन ये, बाकी बघू’ असं मॅनेजर म्हणत असेल तर व्हिसाचा प्रकार आणि तिथे करायचं काम दोन्ही एका मेलमध्ये लिहून घ्या. सीमेवर प्रश्न तुम्हाला विचारले जातात, मॅनेजरला नाही. अल्पकालीन व्हिसावर येणाऱ्यांचे दिवस मोजण्यासाठी 12 ऑक्टोबर 2025 पासून शेंगेनच्या सीमांवर फोटो आणि बोटांचे ठसे घेणारी संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली, त्यामुळे आता एक दिवस जास्त राहिलेलंही आपोआप दिसतं.

पीएफ भारतात चालू राहणार असेल तर ईपीएफओकडून सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज काढून घ्या. भारत आणि जर्मनीत सामाजिक सुरक्षेचा करार आहे, त्यामुळे या कागदावर दोन्हीकडे पेन्शनचे पैसे कापले जाणं टळतं. आरोग्यविम्याचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही. शेंगेन व्हिसासाठीचा 30,000 युरोंचा प्रवासविमा अपघात, अचानक आजार यांसाठी असतो. लांब मुक्कामाला पूर्ण आरोग्यविमा लागतो. तो कोण काढणार, बायको-मुलं त्यात आहेत का, हे लेखी हवं.

पैशांच्या बाबतीत मोठी अडचण ओटीपीची. यूपीआयवर विसंबून राहता येत नाही आणि भारतीय कार्डावर खर्च करताना ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो. निघण्याआधी त्या सिमवर इंटरनॅशनल रोमिंग सुरू करा, निदान एसएमएस येतील इतकं. कार्डावरचे परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून चालू करा. छोट्या बेकऱ्या आणि काही हॉटेलं अजूनही रोख किंवा फक्त जर्मन बँकेचं कार्ड घेतात, तेव्हा सुरुवातीला दोनशे-तीनशे युरो सुटे जवळ असावेत, त्यात पन्नासपेक्षा मोठी नोट नको.

सामान भरताना एक गोष्ट घरच्यांना आधीच समजावून सांगावी लागते. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. पेढे, बर्फी, तूप, खवा सगळं त्यात येतं, आणि कस्टम्सने बॅग उघडली तर ते तिथेच टाकावं लागतं. ताजी फळं आणि भाज्यांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, म्हणजे आंब्याची पेटी नाही. कोरडे मसाले, चटण्या, लाडूंपैकी तुपाशिवायचे, चिवडा हे आणता येतं. विजेची काळजी नको: 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ, आपल्यासारखंच. फक्त आपली जाड तीन पिनांची प्लग तिथे बसत नाही, तेव्हा दोन अ‍ॅडॅप्टर भारतातूनच घ्या. कुकर नेणार असाल तर इंडक्शनवर चालणाऱ्या बुडाचा.

घर

डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकंच घेता येतं. ‘मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरिअरने येईल’ असं कुणी म्हटलं की ती फसवणूकच समजा. किल्ली घेताना खोली-खोलीतले ओरखडे, डाग, विजेच्या मीटरचं रीडिंग यांची यादी करून दोघांनी सही करायची आणि त्याच दिवशी फोटो काढायचे.

घरात नव्या माणसाकडून सगळ्यात महागात पडणारी चूक असते ती हीटर आणि खिडकीची. हीटरच्या चकतीवर 1 ते 5 आकडे असतात. 3 म्हणजे साधारण 20 अंश, पुढची प्रत्येक खूण चार-चार अंशांनी वाढते. बाहेरून कुडकुडत आल्यावर 5 वर फिरवलं म्हणून खोली लवकर तापत नाही. ती फक्त 28 अंशांपर्यंत तापत राहते आणि वर्षअखेरीच्या हिशेबात ते बिल बनून येतं. खिडकी दोन तऱ्हांनी उघडते: हँडल आडवं केलं की पूर्ण आत, वर केलं की वरून थोडीशी तिरकी. तिरकी खिडकी दिवसभर ठेवावी असं वाटतं, कारण हवा खेळते. पण थंडीत त्याने हवा फारशी बदलत नाही आणि खिडकीभोवतीची भिंत मात्र गार पडते. त्या गार भिंतीवर आंघोळीची, स्वयंपाकाची, खोलीत वाळत घातलेल्या कपड्यांची वाफ बसते आणि काही आठवड्यांत कोपऱ्यात काळी बुरशी दिसू लागते. तिच्या सफाईचे पैसे डिपॉझिटमधून कापण्यावरून वाद होतात. त्यापेक्षा हीटर बंद करायचा, खिडक्या सताड उघडायच्या, पाच मिनिटांनी बंद करायच्या. थंडीत दिवसातून दोन-तीनदा, आणि स्वयंपाक किंवा आंघोळ झाल्यावर लगेच.

झोपायच्या खोलीत आणि पॅसेजमध्ये धूर ओळखणारा अलार्म असतो. मिरचीच्या फोडणीला तो वाजतो, तेव्हा खिडकी आणि चिमणी आधी, तेल नंतर.

कचऱ्याचे डबे शहरागणिक थोडे वेगळे असतात, पण ढोबळमानाने पॅकिंग पिवळ्यात, कागद निळ्यात, ओला कचरा तपकिरी किंवा हिरव्यात आणि उरलेलं काळ्यात. काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या टाक्यांत रंगानुसार टाकायच्या, तेही रविवारी किंवा रात्री नाही, कारण आवाज होतो. रात्री 10 ते सकाळी 6 शांतता पाळायची असते. शेजारी तक्रार करतात तेव्हा ती बहुतेक वेळा नव्या माणसाला नियम माहीत नाही असं धरून केलेली असते. राग मानू नये. पेयांच्या बाटल्यांवर अनामत असते: एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटलीला आणि कॅनला 25 सेंट. त्या चेपायच्या नाहीत, कारण सुपरमार्केटमधल्या मशीनला बारकोड वाचता आला पाहिजे. पावती निघते, ती काउंटरवर द्यायची. नळाचं पाणी थेट पिता येतं.

रविवारी आणि सणाच्या दिवशी दुकानं बंद. शनिवारी संध्याकाळी उतरणारं विमान घेतलं तर पहिला दिवस रिकाम्या फ्रिजसमोर जातो. मोठ्या स्टेशनांमधली दुकानं आणि पेट्रोलपंप तेवढे उघडे असतात. जमलं तर सोमवार ते बुधवारमध्ये पोहोचा.

येणं-जाणं

मेट्रो आणि लोकलला फाटकं नसतात, म्हणून तिकीट तपासत नाहीत असं वाटतं. साध्या कपड्यांतले तपासनीस येतात आणि दंड 60 युरो असतो. मशीनमधून काढलेलं कागदी तिकीट अनेक शहरांत प्लॅटफॉर्मवरच्या छोट्या पेटीत घालून शिक्का मारून घ्यावं लागतं. शिक्का नसेल तर तिकीट असूनही दंड होतो, आणि ‘नवीन आहे’ हे कारण चालत नाही. महिनाभर राहणार असाल तर डॉइचलांड टिकेट घ्या. 2023 च्या मेमध्ये ते 49 युरोंना सुरू झालं, 2025 मध्ये 58 झालं आणि 2026 पासून 63 आहे. देशभरातल्या बस, ट्राम, मेट्रो आणि प्रादेशिक गाड्या त्यात येतात. आयसीई, आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्या येत नाहीत. ते दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतं, बंद करायचं असेल तर महिन्याच्या 10 तारखेपर्यंत कळवावं लागतं.

लांबच्या गाडीचं स्वस्त तिकीट ठरावीक गाडीलाच चालतं. पण पोहोचायला 20 मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असेल तर ते बंधन सुटतं. उशीर 60 मिनिटांचा झाला तर भाड्याच्या 25 टक्के आणि 120 मिनिटांचा झाला तर 50 टक्के परत मागता येतात. गाड्यांना उशीर होतोच. महत्त्वाच्या बैठकीला एक गाडी आधीची धरा.

ऑफिस

ऑफिसमधली शांतता पहिल्या आठवड्यात अंगावर येते. सहाच्या सुमारास मजला रिकामा होतो आणि रात्री पाठवलेल्या मेलला सकाळपर्यंत उत्तर येत नाही. याच्या मागे कायदा आहे: दिवसाचं काम साधारण आठ तास, फार तर दहा, आणि दोन दिवसांच्या कामामध्ये सलग 11 तास विश्रांती. सहा तासांपेक्षा जास्त कामाला 30 मिनिटांची, नऊ तासांपेक्षा जास्त कामाला 45 मिनिटांची सुट्टी सक्तीची. उशिरापर्यंत बसून राहिल्याने तुमचं वजन वाढत नाही, उलट मॅनेजरला हिशेब द्यावा लागतो. भारतातल्या टीमबरोबरची बैठक सकाळच्या वेळेत ठेवा. उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक असतो, हिवाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं बदलतात आणि त्या सोमवारी हमखास कुणीतरी बैठकीला चुकतं.

‘हे चुकलंय’ असं तोंडावर सांगितलं जातं, ते कामाबद्दल असतं. ‘प्रयत्न करतो’ हे उत्तर तिथे होकार म्हणून नोंदवलं जातं. जमणार नसेल तर नाही म्हणा आणि कधी जमेल ती तारीख द्या. हा बदल पहिल्याच आठवड्यात केला तर पुढचे सगळे महिने सोपे जातात.

आजारी पडलात तर पॅरासिटामॉलसुद्धा फक्त आपोथेकेत (औषधांच्या दुकानात) मिळते, सुपरमार्केटमध्ये नाही. अँटिबायोटिकला डॉक्टरची चिठ्ठी लागतेच. दवाखाने बंद असताना डॉक्टरसाठी फोन 116117, जीवावर बेतलं तर 112, पोलीस 110. डिसेंबरात सकाळी आठच्या सुमारास उजाडतं आणि साडेचारपर्यंत अंधार पडतो. जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास बाहेर चालून या. झोप आणि मन दोन्हींना त्याची गरज असते.

परत निघताना पत्त्याची नोंद रद्द करावी लागते. ती निघण्याच्या एक आठवडा आधीपासून आणि घर सोडल्यानंतर दोन आठवड्यांपर्यंत करता येते. त्याची पावती जपा; रेडिओ-टीव्हीची वर्गणी, इंटरनेट, विमा बंद करताना तीच मागतात. डिपॉझिट मात्र हीटिंगचा वर्षाचा हिशेब लागेपर्यंत काही महिने अडकू शकतं, तेव्हा ते हातात येईपर्यंत जर्मन बँकेचं खातं बंद करू नका.