वर्गाच्या भित्तिपत्रकासाठी मुलांना लिहिते करताना या चुका टाळा

आठवी ते दहावीच्या वर्गांत भित्तिपत्रक किंवा हस्तलिखित सुरू करणारे शिक्षक आपल्याकडे पुष्कळ आहेत. पहिला अंक उत्साहाने निघतो, तिसऱ्या अंकापर्यंत तीच चार-पाच मुले लिहू लागतात आणि पुढे फलकावर सुविचार व वर्तमानपत्रातील कात्रणे तेवढी उरतात. याचा ठपका मुलांच्या आळसावर ठेवणे मला अन्यायाचे वाटते. आपण त्यांच्याकडे लेखन मागतो, पण त्यांनी सांगितलेले ऐकायला उत्सुक असलेला वाचक त्यांना मिळवून देत नाही. बहुतेक चुकांचे मूळ येथे आहे.

पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक विषय देताना होते. ‘पर्यावरणाचे महत्त्व’ किंवा ‘मोबाईल : शाप की वरदान’ असा विषय दिला, की मुले गाईडमधली वाक्ये उतरवतात, कारण त्या विषयावर सांगण्यासारखे त्यांच्याजवळ स्वतःचे फारसे काही नसते. हल्ली गाईडऐवजी चॅटजीपीटीचा मजकूर येतो, एवढाच फरक. अशा वेळी नक्कल पकडत बसण्यापेक्षा ज्याची नक्कल होऊच शकत नाही असा विषय काढावा आणि पहिला खर्डा वर्गातच लिहून घ्यावा.

समजा, एका मुलाने लिहिले : ‘म्हैस हा उपयुक्त प्राणी आहे. तिच्यापासून आपल्याला दूध मिळते. आमच्याही घरी म्हैस आहे.’ येथे ‘अजून सविस्तर लिही’ असा शेरा देऊन काहीच साधत नाही. त्याऐवजी त्याला विचारावे : तुमची म्हैस व्याली तेव्हा तू घरी होतास का? व्यायची वेळ आली हे आधी कोणाला कळले? कशावरून? मग तो सांगू लागतो, की तिने सांजेला वैरणीला तोंड लावले नाही, म्हणून आजी रात्रभर गोठ्यातच बसली होती. म्हैस व्याल्यावर वार (जार) पडेपर्यंत आजीने कोणाला झोपू दिले नाही. आणि दुसऱ्या दिवशी खरवसासाठी शेजारी कोणाकोणाला चीक द्यायचा यावरून आई आणि आजीत बोलणे झाले. हे त्याने तोंडी सांगितले, की ‘आता एवढेच लिही’ म्हणावे. लेखनाआधी दहा मिनिटे बोलू देणे हा ‘सर, काही सुचत नाही’ या तक्रारीवरचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

दुसरी चूक लाल शाईची. पहिल्याच खर्ड्यावर प्रत्येक ऱ्हस्व-दीर्घाला गोल केला, तर मुलगा पुढच्या वेळी जे शब्द बिनचूक लिहिता येतात तेवढेच वापरतो. १९६२ पासून रूढ असलेले शुद्धलेखनाचे नियम शिकवलेच पाहिजेत, पण एका अंकाला एक नियम पुरे. या पंधरवड्यात फक्त शब्दाच्या शेवटचे इकार-उकार पाहायचे, म्हणजे ‘पाणी’, ‘वाळू’, ‘कवी’ हे दीर्घ आणि ‘आणि’ हा अपवाद, असे ठरवावे. ज्या ओळीत चूक असेल तिच्यासमोर समासात एक टिंब द्यावे आणि ती चूक मुलालाच शोधू द्यावी. बोलीतला शब्द मात्र चूक म्हणून खोडू नये. आजीच्या तोंडचे वाक्य वऱ्हाडीत, अहिराणीत किंवा मालवणीत आले असेल, तर ते तसेच राहू द्यावे. ते प्रमाणभाषेत फिरवले, की आजीच गोष्टीतून जाते.

तिसरी चूक म्हणजे ‘छान’, ‘सुंदर अक्षर’ असे शेरे. वर्गमित्रांनीही तेच लिहायला सुरुवात केली, तर प्रतिक्रियांचा काही उपयोग राहत नाही. प्रत्येक वाचकाने लेखाखाली दोनच गोष्टी लिहाव्यात : मला काय डोळ्यांसमोर दिसले आणि मला काय कळले नाही. हे कसे करायचे ते शिक्षकाने फळ्यावर एका नमुन्यावर करून दाखवावे लागते, नुसते सांगून मुलांना जमत नाही.

बाहेरचा वाचक मिळाला तर फारच उत्तम. फ्रान्समधील बार-सूर-लू या डोंगराळ गावात सेलेस्तँ फ्रेने या शिक्षकाने १९२४ मध्ये वर्गात लहानसे छापयंत्र आणले आणि मुलांचे मजकूर फ्रान्समधल्याच ब्रिटनी प्रांताच्या किनाऱ्याकडील शाळेशी अदलाबदल केले. डोंगरातल्या मुलाला जे सांगायची गरज वाटत नव्हती, ते समुद्राकाठच्या मुलासाठी उलगडून सांगावे लागले. सांगोल्यातील शाळेने वेंगुर्ल्यातील शाळेला अंक पाठवला, तर डाळिंबाचा बहार धरणे म्हणजे काय हे आपल्या मुलांनाही नीट लिहावे लागेल. आपल्याकडे साने गुरुजींनी अमळनेरच्या वसतिगृहात मुलांसाठी हस्तलिखित दैनिक चालवले आणि १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ मासिक काढले, ही परंपरा तर घरचीच आहे.

सुवाच्य अक्षराच्या मुलांनाच जागा देणे हीही एक नेहमीची चूक. लिहिणारा वेगळा आणि उतरवणारा वेगळा असला तरी चालते. लेख लावण्यापूर्वी घरातील भांडण, आजार, कर्ज यांचा उल्लेख असेल, तर मुलाला एकट्याला बोलावून विचारावे. लैंगिक अत्याचाराचे काही लिहिलेले आढळले, तर तो लेख लावू नये आणि गप्पही बसू नये. पॉक्सो कायदा, २०१२ नुसार ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे.

‘बोर्डाच्या वर्षात हे उद्योग नकोत’ ही पालकांची शंकाही दुर्लक्षून चालणार नाही. दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेत २४ गुण उपयोजित लेखनाचे आहेत. त्यातील बातमी, कथालेखन, सारांशलेखन हे सगळे भित्तिपत्रकात आपोआप येते, आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाची खरी बातमी लिहिलेल्या मुलाला परीक्षेतली कल्पित बातमी जड जात नाही. भित्तिपत्रकाला मात्र वेगळे गुण ठेवू नयेत, नाहीतर मुले पुन्हा परीक्षकासाठी लिहू लागतात.

शेवटची अडचण अंक रखडण्याची. मराठी भाषा गौरव दिनी, २७ फेब्रुवारीला, लावलेला अंक पुढच्या गणपतीपर्यंत तसाच राहिला, तर तो कोणी वाचत नाही. दर पंधरवड्याला ठरलेली एक तासिका खर्ड्याला आणि एक पुनर्लेखनाला द्यावी, प्रत्येक अंकाला पाच-सहा मुलांचा गट जबाबदार ठेवावा, आणि उतरवलेले लेख खर्ड्यांसह फाईल करून वाचनालयात ठेवावेत, म्हणजे पुढच्या वर्षीच्या नववीला लेख कसा सुधारत गेला हे दाखवता येईल.