बचत गटातल्या काकू-मावश्यांना मोबाईलवर मिळून काम करायला कसं शिकवायचं

नाशिकच्या मखमलाबादला बचत गटात शिकवायला गेलो तेव्हा पहिल्या दिवशी मी प्रोजेक्टर घेऊन गेलो होतो, स्लाइड वगैरे एकदम जय्यत तयारी, आणि पुढच्या आठवड्यात आल्या फक्त तिघी. मग डोक्यात प्रकाश पडला की यांना ॲप शिकायचंच नाहीये, यांना नागलीच्या पापडाची ऑर्डर चुकायला नकोय बस. आदल्याच महिन्यात सिडकोची 5 किलोची एकच ऑर्डर दोघींनी आपापल्या घरी पॅक करून ठेवलेली आणि पंचवटीची ऑर्डर गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडली गेलेली.

तर सगळ्यात आधी, कोणाचाही मोबाईल हातात घेऊ नका. "द्या काकू, मी करून देतो" म्हटलं की शिकवणी संपली, कारण घरी मुलगा पण तेच करतो आणि म्हणूनच तर त्या तुमच्याकडे आल्यात. हात पाठीमागे बांधा आणि तोंडाने सांगा. वेळ लागतो, लागू द्या.

दुसरं म्हणजे भीती. "काही दाबलं आणि सगळं गेलं तर?" हे प्रत्येकीच्या मनात असतं पण बोलत कोणीच नाही. म्हणून मी भरायच्या आधी पुसायला शिकवतो. गूगल शीटमध्ये खोट्या ऑर्डरींची यादी करायची, लिंक पाठवताना परवानगी एडिटरची द्यायची (नाहीतर नुसतं दिसतं, लिहिता येत नाही, आणि मग सगळ्या म्हणतात माझा फोनच खराब), आणि सांगायचं, पुसा सगळं. एका मावशीने खरंच अख्खी यादी उडवली, खोलीत चिडीचूप, मग त्यांनाच वरचा मागे वळलेला बाण दाबायला लावला आणि यादी परत! लॅपटॉपवर तर फाइल मेन्यूतल्या व्हर्जन हिस्ट्रीत जुनी प्रत पण मिळते. त्या दिवसानंतर बोटं मोकळी झाली.

आता खरं काम, मेसेज लिहिणं. "पापड लागतील ना उद्या" हा मेसेज नाही, हा उसासा आहे. काय, किती, कधीपर्यंत, कोण करणार, एवढं आलंच पाहिजे: "सिडको, नागली पापड 5 किलो, शुक्रवार दुपारी 4, पॅकिंग मी करते." शेवटचं "मी करते" हे सगळ्यात महत्त्वाचं, ते नसलं की एकतर दोघी करतात किंवा कोणीच नाही. टाइप करायचा कंटाळा असेल तर कीबोर्डवरचा माईक दाबून मराठीत बोलायचं, आकडे मात्र पाठवायच्या आधी डोळ्यांनी वाचायचे. चुकलं तर व्हॉट्सॲपवर 15 मिनिटांत एडिट होतं. आणि "डिलीट फॉर मी" आणि "डिलीट फॉर एव्हरीवन" मधला फरक प्रत्येकीकडून करून घ्या, सासूबद्दलचा मेसेज चुकून ग्रुपवर गेला आणि फक्त आपल्याच फोनमधून पुसला की काय होतं हे मला सांगायला लावू नका.

ग्रुप दोन ठेवा, एक गप्पांचा आणि एक ऑर्डरचा. फुलं, देव, वाढदिवस सगळं गप्पांच्यात. ऑर्डरच्या ग्रुपात ज्या मेसेजला उत्तर द्यायचं तो उजवीकडे सरकवून त्यालाच रिप्लाय, नुसतं "हो" लिहिलं तर ते कशाला हो हे कोणालाच कळत नाही. मीटिंगची वेळ ठरवायला पोल, नाहीतर चाळीस मेसेज होऊनही वार ठरत नाही.

गूगल मीटचा व्हिडिओ कॉल शिकवताना एकाच खोलीत सगळ्यांनी आवाज चालू ठेवला की कर्कश शिट्टी वाजते, एका फोनचा स्पीकर दुसऱ्याच्या माईकमध्ये शिरतो म्हणून. मुद्दाम वाजवून दाखवा, म्यूट कायमचं लक्षात राहतं. ग्रुप कॉलला फुकटात 60 मिनिटंच मिळतात, त्यामुळे हिशोब आधी, बाकीचं नंतर.

ओटीपी कोणालाच द्यायचा नाही आणि लग्नपत्रिका म्हणून एपीके फाइल (म्हणजे फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल) आली तर उघडायची नाही, हे दर वेळी सांगायचं. पैसे गेलेच तर लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

आणि हो, ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत क्लास ठेवूच नका, सगळ्या द्राक्षबागेत असतात. एरवी येतात. मागच्या वेळी मी पोचायच्या आधीच त्यांनी शीटमध्ये हजेरी भरलेली होती, माझ्या नावापुढे लिहिलेलं, "उशीर, 20 मिनिटं".